थोरलीचा टाक

ताटलीत दोरा होता, टाक नव्हता.

माईंनी ताटली उचलून तिच्याखाली पाहिलं. पाट सरकवला, समईमागे हात घातला, परडीतली कालची शेवंती जमिनीवर उपडी केली. टाक कुठेच नव्हता. काळा दोरा मात्र नीट गुंडाळी करून ताटलीच्या कडेला ठेवलेला होता.

"रुची! अगं ए रुची, आधी इकडे ये!"

नात कानातले इयरफोन काढत आली. "काय झालं माई?"

"इथे माझा टाक ठेवला होता. रात्री दोरा तुटला म्हणून काढला होता. कुणी हलवला?"

"मी तर हातच नाही लावला. पापांनी पहाटे सगळी चांदी कपड्यात बांधून नेली ना, ती धारच्या आजोबांकडे गाळायला. त्यातच चालला गेला असेल. लाइट पण गुल होती तेव्हा."

माई मटकन खाली बसल्या.

देवासच्या या नव्या घरात येऊन महिना झाला होता, आणि देव मात्र जुनेच होते. खंडोबाच्या टाकावरचा घोडा गेला होता, भवानीचे हात गेले होते, ज्योतिबा आता नुसता चांदीचा तुकडा राहिला होता. मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे माळव्यात आलेल्या माणसांचे देव ते, पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून घासून त्यांचे चेहरे पुसून गेले होते. अशा वेळी या घराण्याची रीत ठरलेली होती. झिजलेले टाक गाळायचे, त्याच चांदीचा पत्रा ठोकून नव्या ठशावर नवे देव उठवायचे. पण देव असे तसे आगीत घालता येत नाहीत. आधी त्यांना तांदळावर ठेवलेल्या सुपाऱ्यांमध्ये उतरवायचं. मग टाकात राहते ती नुसती चांदी.

काल तिन्हीसांजेला माईंनी स्वतः ते केलं होतं. एकेका देवाला हात जोडून सुपारीत बोलावलं होतं. ताम्हनात त्या सुपाऱ्या आत्ताही गुमान बसल्या होत्या.

थोरलीला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. ती अजून टाकातच होती.

"अगं, ती तशीच आगीत जाईल," माई म्हणाल्या. "चल. चप्पल घाल."

"कुठे?"

"धारला."

थोरली म्हणजे माईंची सवत. माईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा मुलगा धीरज, म्हणजे रुचीचा बाप, दीड वर्षाचा असताना ती तापाने गेली आणि वर्षाच्या आत तुकारामांशी माईंचं लग्न लागलं. मुंडावळ्या सुटायच्या आधी सासूबाईंनी अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा टाक त्यांच्या गळ्यात बांधला. त्यावर एक बाई उभी होती, पदर घेतलेली, हात जोडलेली. "ही थोरली," सासूबाई म्हणाल्या. "नवं लुगडं आधी हिला लावायचं. पहिला घास आधी हिला दाखवायचा. हिला विसरलीस तर घरात दुखणं येईल." एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्याच लग्नात हे ऐकवायचं, याला काय म्हणावं! पण ऐकवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि ऐकणारीला उलटून बोलायची सोय नव्हती.

पुढे त्या टाकावरचे नाक-डोळेही झिजले. तुकाराम गेले तेव्हा माईंचं मंगळसूत्र उतरलं. टाकाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो राहिला. नवरा गेला आणि सवत उरली, असं माई स्वतःच हसून सांगत.

आज त्यांना हसू येत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातून त्यांनी एक सुपारी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि बाहेर पडल्या.

इंदूरच्या बसमध्ये रुचीने फोन काढला. "थांब ना माई, पापांना लावते. ते तर पीथमपुरात असतील आत्ता. हाफ डे घेऊन दुपारी धारला जाणार, असं बोलले होते. सांगते की टाक वेगळा काढा. बात खतम."

माईंनी तिचं मनगट धरलं. "त्याला नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना. त्या धारच्या खंडोजींनाच लाव."

रुचीने लावला. फोन वाजून वाजून बंद झाला. "नाही उचलून राहिले. भट्टीजवळ ब्लोअर चालू असेल, ऐकूच नाही येत त्यांना, पापा सांगतात ना नेहमी. माई, तू पण कमाल करते! पापांना एक फोन लावला असता तर घरी आरामात बसलो असतो आपण."

माई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. या पोरीला काय सांगायचं?

धीरज लहान असताना माईंच्या कुशीत झोपायचा तो टाक मुठीत धरून. मूठ सोडवायला गेलं की रडायचा. तेव्हा आळीतल्या बायका म्हणायच्या, बघा, आईला ओळखतंय पोर. माई ऐकून घ्यायच्या. दूध त्यांनी पाजायचं, ताप आला की उशाशी त्यांनी बसायचं आणि पोराने ओळखायचं चांदीच्या तुकड्याला. तेव्हा त्यांचा फार जळफळाट व्हायचा. नंतर एकदा, तो बारा वर्षांचा असताना, शाळा बुडवून तलावावर पोहायला गेला म्हणून माईंनी त्याला थोबाडीत मारली. तो रडला नाही. त्यांच्या गळ्याकडे बोट करून म्हणाला, "माझी आई तिथे आहे. ती बघतेय तुला."

त्या दिवसानंतर माईंनी त्याच्यावर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. तो दहावीत नापास झाला तेव्हा गप्प बसल्या, बापाशी भांडून दोन दिवस घराबाहेर राहिला तेव्हाही गप्प बसल्या. सावत्र आई म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी त्यांनी जन्मभर जिवाचं रान केलं होतं. धीरजच्या आईचा घरात फोटोसुद्धा नव्हता, तिची म्हणून तेवढी एकच वस्तू होती. आणि ती आज भट्टीत जाणार होती, कारण ती गाळायच्या चांदीशेजारी ठेवली कुणी? माईंनी. धीरज तोंडाने काही बोलणार नाही, पण त्याच्या मनात काय येईल? हिने शेवटी काटा काढला. या वयात ते डोळे पाहायची त्यांची तयारी नव्हती. त्याला कळायच्या आत टाक परत गळ्यात हवा होता.

इंदुरात उतरून गंगवाल स्टँडवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. धारची बस उभी होती, पण ड्रायव्हर चहा पीत होता आणि कंडक्टर "धार, धार, बैठते ही चलेगी" असं ओरडत होता. बसून अर्धा तास झाला तरी बस हलेना.

"भिया, चलाओ ना अब," रुची म्हणाली.

"दो सवारी और आने दो दीदी."

माई उठून दारापाशी गेल्या. "दो सवारी का किराया हमसे ले लो बाबा. पर चलो. मेरा आदमी अटका है वहाँ."

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि बस निघाली. जागेवर बसताना रुचीने हळूच विचारलं, "आदमी?"

"मग काय म्हणू? सवत अटकलीय म्हणू?" माई म्हणाल्या आणि त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं.

बेटम्याच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती. माई दोन सीटच्या मधे उभ्या राहून पुढच्या काचेतून बघत होत्या. पदराची गाठ मुठीत होती. रुचीने पुन्हा खंडोजींना फोन लावला, पुन्हा तो वाजून बंद झाला. तिने आजीला इतकं घाबरलेलं पाहिलंच नव्हतं. आजोबा गेले त्या दिवशीही नाही.

"माई, एक विचारू? ती तर कधीच मेली ना? मग चांदी गळली तर तिला काय होणार?"

"मला काय ठाऊक!" माई एकदम कडाडल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "एकदा तिला जाळलं लोकांनी. धाय मोकलून रडणारं पोर मागे ठेवून गेली ती. दुसऱ्यांदा जाळायची म्हटलं तर निदान सांगायला तरी नको का तिला?"

धारला रिक्षा सराफ्याच्या तोंडाशी थांबली. पुढची गल्ली अरुंद होती. माई जवळजवळ पळतच सुटल्या. खंडोजींच्या दुकानाची पायरी दिसली, आतून ब्लोअरची घरघर ऐकू आली आणि दारात काढलेले बूट दिसले. काळे, जड, कारखान्याचे बूट. ते धीरजचे होते.

माईंना तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. पण थांबून चालणार नव्हतं.

"भावजी, थांबा!" त्या उंबऱ्यातूनच ओरडल्या. "त्यात माझा टाक आहे!"

सत्तरीचे खंडोजी भट्टीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी ब्लोअर बंद केला. एकदम शांत झालं. स्टुलावर बसलेला धीरज ताडकन उभा राहिला.

"माई? तू इथे कशी?"

माईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या भट्टीजवळ गेल्या. निखाऱ्यांत लाल झालेली मूस होती, मडक्यासारखी, पण लहान. तिच्यात डोकावताना त्यांना वाटलं होतं, काळवंडलेले तुकडे दिसतील, एखादी कडी, एखादा काठ. तसं काहीच नव्हतं. आत पाणी होतं. पांढरं, झळाळणारं, काठाशी किंचित थरथरणारं पाणी. त्यात ना घोडा होता, ना भवानी, ना पदर घेतलेली बाई.

"आत्ताच पाणी झालं बघा, वहिनी," खंडोजी म्हणाले. "थोड्या आधी आला असता तर चिमट्याने काढून दिला असता. आता ह्यातून काय वेगळं काढणार?"

माई तिथेच फरशीवर बसल्या. मग त्यांनी मान वर केली आणि सकाळपासून ज्याची भीती होती ते सगळं एका दमात बोलून टाकलं.

"धीरज, मी नाही रे दिला. देवाशप्पथ नाही. दोरा तुटला म्हणून ताटलीत ठेवला होता, सकाळी ओवणार होते. अंधारात तुझ्या हाताला लागला असेल. माझ्या मनात तसं काही नव्हतं. तुझ्या आईचं मी कधी..."

"माई."

"कधी वाईट चिंतलं नाही. सुरुवातीला राग यायचा, नाही म्हणत नाही..."

"माई, ऐक ना. मीच टाकला."

ब्लोअर बंद होता, तरी माईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"चुकून नाही. मी बघून टाकला." धीरज त्यांच्यासमोर फरशीवर बसला. पन्नाशीकडे झुकलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस शाळेतल्या पोरासारखा मांडी घालून बसला होता. "मोबाइलच्या उजेडात बघितला, गाठ सोडवली, दोरा काढून ठेवला. तुला विचारलं असतं तर तू हो थोडीच बोलली असती."

नीट गुंडाळी केलेला दोरा माईंना आत्ता आठवला. तुटलेल्या दोऱ्याची गाठ आपोआप सुटत नसते. सकाळी हे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

"का रे पण?"

धीरज मूस ठेवलेल्या निखाऱ्यांकडे बघत होता. "मी तुला बोललो होतो एकदा. ती बघतेय म्हणून. लहान होतो, रागात बोललो. पण त्यानंतर तू मला कधी ओरडली नाही. कधीच नाही. मी किती उलटंसुलटं वागलो, बाबूजी मारायला धावायचे आणि तू नुसती गळ्याला हात लावून उभी राहायची. मला सगळं दिसत होतं, माई. आपल्याच घरात तू पहारा असल्यासारखी राहिली. आणि तो पहारा मी बसवला. रात्री दोरा तुटलेला दिसला, तर वाटलं, बस, आता मोकळी होऊ दे हिला."

रुची दारात उभी होती. तिने पापांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

माईंना खूप राग आला. इतक्या वर्षांचा साचलेला, त्याच्यावर कधी न काढलेला राग. त्यांचा हात उचलला गेला आणि धीरजच्या गालावर बसला. जोरात नव्हे, पण आवाज झाला.

"मला विचारलंस? मोकळी करायला निघालाय! मी सांगितलं होतं तुला, मला डाचतंय म्हणून?" त्यांचा आवाज फाटला. "होता पहारा. होता ना! तू शाळेत होतास तोवर होता. पुढे तुझी नोकरी पीथमपुरात, तुझे वडील अंथरुणाला खिळलेले, घरात दिवसभर बोलायला कोण होतं मला? तिच्याशीच बोलायचे मी. तुझी तक्रार दुसऱ्या कुणाकडे करणार? माझ्याशिवाय तुझी आई दुसरी कोण होती? माझ्याइतकी तुझी काळजी अजून कुणाला असणार होती, सांग!"

धीरज गालाला हात न लावता बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला नाही माहीत होतं," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत असणार? तू कधी विचारलंच नाहीस."

खंडोजी अवघडून खाकरले. "वहिनी, माफ करा. पण निखारे उतरू लागले. आता ओतली नाही तर मुशीतच गोठून बसेल ती. मग मूस फोडावी लागेल."

"एवढं थांबा," माई म्हणाल्या.

त्यांनी पदराची गाठ सोडली. सुपारी तळहातावर घेतली आणि भट्टीच्या जवळ सरकल्या. झळ तोंडावर येत होती. मुशीतलं पांढरं पाणी आता काठाकडून जरा मंद होऊ लागलं होतं. टाकाचा आकार मोडला होता, नवा अजून झाला नव्हता. बोलवायचं तर हीच वेळ होती, असं माईंना वाटलं. शास्त्रात काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, विचारायला आता कुणी वडीलधारं उरलंही नव्हतं.

सासूबाई बोलायच्या तशा जुन्या वळणाने त्यांनी सुरुवात केली. "थोरल्या बाई, आपण इथे यावं. जागा बदलायची वेळ झाली. पोराकडून चूक झाली, पोटात घालावी. आपण या सुपारीत..." मग त्यांना पुढचे शब्द सापडेनात. "ये गं," त्या म्हणाल्या. "ये बाई इकडे. भाजतंय तिथे."

माईंनी मूठ मिटली आणि खंडोजींना मान हलवली.

खंडोजींनी सांडशीने मूस उचलली. साच्याला आधी तेल लावून ठेवलेलं होतं. चांदी एका धारेत आत गेली, तेल भडकून विझलं, धुराचा वास दुकानभर पसरला. बघता बघता वरची झळाळी गेली आणि साय धरावी तसा पृष्ठभागावर एक पापुद्रा आला. मग मधेच फट्ट असा आवाज झाला आणि त्या पापुद्र्यातून चांदीचा बारीकसा फोड वर उडाला. रुची दचकून मागे सरली.

"घाबरू नका बेटा," खंडोजी म्हणाले. "पाणी झालेली चांदी हवा पिते. गोठताना ती बाहेर टाकते. नेहमीचंच आहे."

माई त्या फोडाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने तिथे एक राखाडी, खडबडीत लगड पडलेली होती. तिचा कुठलाच भाग कुणाचा असा राहिला नव्हता.

"ह्यातली थोडी काढून थोरल्या वहिनींचा टाक पुन्हा करून देऊ का?" खंडोजींनी विचारलं. "ठसा आहे माझ्याकडे."

माईंनी थोडा विचार केला. "नको. ज्यांच्या नावाने गळ्यात घालायचा ते गेले. सगळ्याचे देव करा. तिचा जो काय भाग असेल तो जाऊ दे त्यांच्यात. तिला या सुपारीत जागा दिलीय मी."

परतताना उन्हं उतरली होती. स्टँडबाहेरच्या हॉटेलात धीरजने तिघांसाठी कचोरी सांगितली. सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. बाकावर माई बसल्या, शेजारी रुची, समोर धीरज. त्याच्या गालावर काही दिसत नव्हतं, तरी त्याचा हात दोनतीनदा तिकडे जाऊन आला. तो त्यांच्याकडे बघून ओशाळं हसला. माई हसल्या नाहीत.

कचोरी आली. माईंनी तुकडा मोडला. तोंडात घालायच्या आधी तो गळ्याजवळ नेण्याची सवय हाताला होती. हात वर गेला, गळ्याशी थबकला आणि तिथेच राहिला. दोऱ्याने पडलेला काळसर वळ तेवढा कातडीवर होता. काय करावं ते त्यांना सुचेना. तुकडा खाली ठेवावा तर भूक लागलेली, खावा तर थोरलीला दाखवल्यावाचून कसा.

धीरज बघत होता. त्याने आपल्या ताटलीतली कचोरी उचलली, तिचा एक कोपरा मोडला. समोरून वाकून माईंच्या मांडीवर पडलेला पदर त्याने हलकेच पुढे ओढला. टोकाच्या गाठीत सुपारी पुन्हा बांधलेली होती. तो तुकडा त्याने गाठीपाशी नेला, क्षणभर धरला.

"पापा, हे काय करून राहिले?" रुचीने विचारलं.

धीरजने हे आजवर कधी केलं नव्हतं, आणि ते बरोबर झालं की नाही हेही त्याला कळत नव्हतं. त्याने माईंकडे पाहिलं.

"जेवली ती," माई म्हणाल्या. "खा आता."